पट्टी लावली का?

"भाजं किती लांब आहे इथून?" दाजींनी विचारलं.

"दीडशेच्या आतच असेल," मी म्हणालो.

"किलोमीटर नका सांगू. ट्रॅक्टरला तास असतात. किती तास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॅशबोर्डावरच्या काळ्या मीटरात तासांचे आकडे होते आणि ट्रॅक्टरचं वय त्यावरच मोजलं जातं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मोटारगाडी किती चालली ते बघतात, ट्रॅक्टर किती राबला ते. दाजींनी बोटावर हिशेब केला. वरच्या गिअरला तासाला पंचवीसच्या पुढं जायचं नाही, चहापाणी धरायचं, चाकणचा जाम वेगळा धरायचा. "पहाटे चारला निघालात तर दिवस मावळायच्या आत पोचाल. मागचा दिवा चालत नाही, ते ध्यानात ठेवा."

२०१८ चा मे महिना संपत आला होता. श्रीगोंदा तालुक्यात, दाजींच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून मी पस्तीस एचपीचा जुना लाल ट्रॅक्टर घेतला होता. आमच्या मावळात मोठा ट्रॅक्टर चालत नाही. खाचरं लहान, बांध जवळजवळ, वळायला जागा नाही. पण आमची शेवटची बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली होती आणि चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळेल याची खात्री कुणी देत नव्हतं. भाताचं रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की आवणी व्हायला हवी. पाऊस पडत असतो, खाचर भरलेलं असतं, रोप वाढत जातं आणि ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणतो. दोन पावसाळे हे ऐकलं, मग सोसायटीचं कर्ज काढलं.

ट्रकवर चढवून आणायचं भाडं विचारलं होतं. आकडा ऐकून आबा म्हणाले, "चाकं कशाला दिलीत त्याला?" तिथंच ते ठरलं.

ट्रॅक्टर चालवायचा मला सराव होता, पण तो वावरातला. वावरात आणि डांबरावर एकच यंत्र दोन वेगळ्या जनावरांसारखं वागतं. वावरात मागच्या टायरांत हवा कमी ठेवतात, म्हणजे चाक पसरून बसतं आणि माती धरतं. रस्त्यावर तेवढ्याच हवेवर निघालात तर टायर तापतो, आणि ट्रॅक्टर चेंडूसारखा उसळतो. मागच्या आसाला स्प्रिंग नसते. स्प्रिंग काय ती सीटच्या खाली. म्हणजे खड्ड्याचा हिशेब थेट तुमच्या मणक्यात. दाजींनी आदल्या संध्याकाळी चारही टायर भरून घेतले, रेडिएटरचं पाणी, इंजिनचं ऑइल पाहिलं, आणि चिखलणीची लोखंडी केजव्हील काढून ठेवली. ती टेम्पोनं नंतर यायची होती. केजव्हील लावून डांबरावर चालणाऱ्याला गावात शिव्या बसतात, आणि बसाव्यातच. एका फेरीत रस्ता सोलून निघतो.

मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडल, शेजारी-शेजारी. डावं पेडल डाव्या चाकाचं, उजवं उजव्या चाकाचं. वावरात तास संपला की एकाच बाजूचा ब्रेक दाबायचा, ते चाक थांबतं, दुसरं फिरतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही एकत्र दाबले गेले पाहिजेत. त्यासाठी पेडलांना जोडणारी एक लोखंडी पट्टी असते, वीतभर लांबीची.

"ही पट्टी लावल्याशिवाय डांबरावर चाक घालायचं नाही," दाजी म्हणाले. "आणि मडगार्डवर कुणी बसायचं नाही. भाचा मोटारसायकलवर मागनं येईल."

भाच्याचं वय तेव्हा एकवीस. त्यानं मोटारसायकलच्या मागं लाल टॉवेल बांधला होता आणि बॅटरीवरचा एक लुकलुकणारा दिवा लावला होता. दिवा चांगला होता. टॉवेल काष्टीच्या पुढं कुठंतरी उडून गेला.

चारला निघालो. सोमवार धरला होता, कारण शनिवार-रविवारी आमच्या बाजूचा रस्ता पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरतो. काष्टी जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेलं गाव, पण त्या वेळी तिथं फक्त कुत्री जागी होती. ऊसपट्ट्यातला हा रस्ता ट्रॅक्टरला ओळखीचा. हंगामात इथं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडं चाललेले असतात. अंधारात मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली म्हणजे रस्त्यावर उभी केलेली भिंत. तिच्यावर आदळलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तरी रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायची टाळाटाळ होते. मीही दिव्याविना निघालो होतो, तेव्हा फार बोलण्यात अर्थ नाही.

घोड नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा लागतो. अलीकडे-पलीकडे उजाडत होतं. नदीच्या काठावरच इनामगाव. तिथं डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या लोकांना एका गावाहून दुसऱ्या गावाला बैल न्यायला किती वेळ लागत असेल, असा विचार मनात आला. ट्रॅक्टरवर असे विचार येतात, कारण दुसरं काही करता येत नाही. बोलता येत नाही, गाणं ऐकू येत नाही. इंजिनाचा आवाज आणि टायरच्या गुट्ट्यांचा डांबरावरचा घूं-घूं असा एकसारखा नाद. तासाभरात तो कानाबाहेर उरत नाही, आत जाऊन बसतो. त्या रात्री झोपेतसुद्धा तो चालूच होता.

न्हावऱ्याला पहिला चहा. उतरलो तर पाय थरथरत होते, कपबशीतला चहाही. तळेगाव ढमढेरे आलं तेव्हा ऊन चढलं होतं. आमच्या मुक्कामाआधी लागतं ते तळेगाव दाभाडे. एका तळेगावापासून दुसऱ्या तळेगावापर्यंत पोचायला मला दुपार उलटून गेली. मोटारीतल्या माणसाला या दोन तळेगावांमध्ये पाटी वाचण्यापलीकडे काही दिसत नाही. मला प्रत्येक ओढा, प्रत्येक गतिरोधक आणि कांद्याची प्रत्येक चाळ लक्षात आहे.

शिक्रापूरला पुणे-नगर रस्ता ओलांडणं हे पहिलं अवघड काम. ट्रॅक्टर झटकन सुटत नाही. समोरचा मोकळा दिसणारा रस्ता पार करायला मोटारीला चार श्वास लागतात, ट्रॅक्टरला दहा. आणि येणारा कधीच तुमचा वेग ओळखत नाही. लांबून ट्रॅक्टर त्याला उभाच दिसतो, जवळ आल्यावर चालतोय असं कळतं. भाच्यानं मोटारसायकल आडवी घातली, हात वर केला आणि मला पलीकडं घेतलं. चार शिव्या त्यानं खाल्ल्या, माझ्या वाट्याला एकही आली नाही.

शेलपिंपळगावच्या अलीकडं इंजिन आचके द्यायला लागलं. दोनदा दम खाल्ला, तिसऱ्यांदा बंद पडलं. टाकीत डिझेल होतं. भाचा म्हणाला, "मामा, हवा धरली." डिझेलच्या लाइनीत कुठून तरी हवा शिरली की पंप डिझेल ओढत नाही. साडेपाच-सहा तासांच्या धक्क्यांनी फिल्टरवरचा बोल्ट ढिला झाला होता आणि त्याच्याखालचा तांब्याचा वायसर चेपून कडक झाला होता. बोल्ट आवळला तरी पाझरत होता. नवा वायसर तिथं मिळणार कुठं?

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पूर्वी ते ट्रकवर मेकॅनिक होते, हे नंतर कळलं. वायसर हातात घेतला, टपरीवाल्याकडून सांडशी मागितली, आणि स्टोव्हच्या निळ्या जाळावर वायसर लाल होईपर्यंत धरला. मग ग्लासातल्या पाण्यात टाकला. चर्र झालं. "आता बसव. तांबं तापवून विझवलं की मऊ पडतं. लोखंडाचं उलट." बसवला. भाच्यानं हवा काढायचा बोल्ट दोन आटे सैल करून हातपंप मारायला सुरुवात केली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नितळ धार. बोल्ट आवळला, स्टार्टर दिला, इंजिन धरलं. गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत. टपरीवाल्यानं चहाचे घेतले, त्यात सांडशीचे धरले असावेत.

तो वायसर अजून तिथंच आहे. नवा आणून ठेवलाय, बसवायची वेळ आली नाही.

चाकणविषयी काय सांगावं! १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं इथला संग्रामदुर्ग शायिस्ताखानाच्या फौजेपुढं दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. आम्ही तळेगाव चौकात अडकलो तेव्हा मला वाटलं, खानाला लढायची गरजच नव्हती, चौकात दोन कंटेनर आडवे उभे करायचे. इथल्या कारखान्यांतून नव्या मोटारी भरून निघालेला एक लांबलचक कंटेनर माझ्या शेजारी अर्धा तास उभा होता. आतल्या मोटारी तासाला दीडशेनं धावू शकणाऱ्या, आणि आम्ही दोघं इंच-इंच एकाच वेगानं पुढं सरकत होतो. दिवसभरात एवढीच एक जागा, जिथं मी कुणाच्या वाटेत नव्हतो.

चौकातल्या हवालदारांनी हात केला. लायसन दाखवलं. माझं मोटारीचंच लायसन. बऱ्याच जणांना वाटतं ट्रॅक्टरला वेगळं लागतं. मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाच्या व्याख्येतच ट्रॅक्टर घातलाय, रिकामं वजन साडेसात हजार किलोच्या आत असलं की झालं. आणि तोच कायदा ट्रॅक्टरची व्याख्या करताना म्हणतो की हे वाहन स्वतः ओझं वाहायला बनवलेलं नाही. हवालदारांनी कागद परत दिले.

"कुठून?"

"श्रीगोंद्याहून."

"कुठवर?"

"भाज्याला. लेणीपाशी."

त्यांनी एकदा ट्रॅक्टरकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "पाणी प्या आधी," म्हणाले.

इंदोरीला इंद्रायणी भेटली. आमच्या शेताखालून वाहत येणारी हीच नदी. तिला पाहून बरं वाटलं. पुढं तळेगावला डिझेल घेतलं. पंपावर गर्दी होती, मध्ये एक टँकर उभा. बाहेर पडायला जागा नव्हती म्हणून मी वाकून पट्टी काढली, डावा ब्रेक धरून ट्रॅक्टर जागीच फिरवला, वावरात फिरवतो तसा. एक मुलगा मोबाइलवर ते चित्रित करत होता. मला जरा मोठेपणा वाटला असणार.

पट्टी परत लावली नाही.

वडगावला भात संशोधन केंद्रावरून गेलो. मावळचा इंद्रायणी तांदूळ इथला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेलं ते वाण १९८७ मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. आमच्या घरात दोन्ही लावतात. आंबेमोहोर खायला, इंद्रायणी विकायला. याच वडगावात १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांच्या फौजेनं मराठ्यांपुढं हात टेकले. बोरघाट चढून आलेल्या त्या फौजेबरोबर सामानाचे हजारो बैल होते आणि तिची चाल मुंगीची होती, असं शाळेत गुरुजी रंगवून सांगायचे. सावकाश जाणाऱ्यांबद्दलची माझी सहानुभूती त्या दिवशी इंग्रजांपर्यंत जाऊन पोचली.

हा जुना मुंबई-पुणे रस्ता. शेजारचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, चौऱ्याण्णव-पंचाण्णव किलोमीटरचा. तिथं दुचाकी, रिक्षा, बैलगाडी, ट्रॅक्टर, पायी माणूस कुणालाच प्रवेश नाही. ते रास्तच आहे. पण त्यामुळं सगळी हळू जाणारी दुनिया या जुन्या रस्त्यावर, आणि टोल वाचवणारी जोरात जाणारी दुनियाही इथंच.

कान्हे फाटा मागं पडला. ऊन उतरलं होतं. घर जवळ आलं की माणूस सैल होतो, मी झालो. कामशेतच्या खिंडीत उतार लागला. उतारावर काही जण डिझेल वाचवायला गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडतात, तो मूर्खपणा मी केला नाही. पण वेग पंचविसाच्या वर गेलाच होता. पुढं एसटी होती. तिचे लाल दिवे लागले. मी ब्रेक दाबला.

पाय उजव्याच पेडलवर पडला.

ट्रॅक्टर थांबला नाही. वळला. उजव्या मागच्या चाकाला कुणी खुंटा ठोकल्यासारखं ते जागीच रुतलं आणि पुढचं तोंड सरळ रस्त्याच्या मधल्या बाजूला फिरलं, जिथून मागच्या गाड्या पुढं काढत होत्या. उजवं चाक हलकं झालेलं मला बुडाखाली कळलं. उचललं गेलं की नुसतं हलकं झालं, ते सांगता येणार नाही. एक ट्रक हॉर्न दाबत, पूर्ण उजवीकडं घेत, माझ्या बोनेटपुढून हातभर अंतरानं गेला. ट्रकच्या फळ्यांवर रंगवलेली कमळं दिसली, पाकळ्यांसकट. मग पाय कधी उचलला, कधी दोन्ही पेडलांवर आडवा ठेवला, ट्रॅक्टर साइडपट्टीवर कसा आला, यातलं काही आठवत नाही. स्टिअरिंगला हात चिकटले होते, ते भाच्यानं सोडवले.

तो काही बोलला नाही. खाली वाकला, लोंबकळणारी पट्टी उचलून खाचेत बसवली. टक् असा आवाज झाला.

"दाजींना सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू, मामा. तुम्हीच सांगाल."

बसलो तिथंच रस्त्याकडेला, अर्धा तास असेल. माझ्या मागं ट्रॉली नव्हती हे नशीब. भरलेली ट्रॉली असती तर तिनं मागून रेटून आडवंच पाडलं असतं. ब्रेक निकामी झाले नव्हते, टायर फुटला नव्हता, कुणी कट मारला नव्हता. ट्रॅक्टरनं मी सांगितलं तेच केलं होतं. वावरात शंभरदा तसंच सांगितलं होतं आणि शंभरदा त्यानं ऐकलं होतं.

उरलेला रस्ता मी वरच्या गिअरला घातलाच नाही. कार्ला फाट्याला डावीकडं वळलो, इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि मळवलीचं फाटक नेमकं बंद. एरवी त्या फाटकाला आम्ही रोज शिव्या देतो. त्या दिवशी लोकल जाईपर्यंत इंजिन बंद करून शांत उभं राहायला मिळालं. पुढं द्रुतगती मार्गावरचा पूल. वर मी, खाली सहा पदरांवरून सुसाट चाललेल्या गाड्या. समोर विसापूर, त्याच्या शेजारी लोहगड, पायथ्याशी आमचं गाव. सात वाजायला आले होते, उजेड होता.

घरात बायकोनं हळदकुंकू काढून ठेवलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पण लेणीवर येणाऱ्या पाहुण्यांना अजून वाटा दाखवतात. बावीस लेणी, दोन हजारांहून जास्त वर्षांची. त्यातल्या विहारात दगडात कोरलेला सूर्याचा रथ आहे, चार घोड्यांचा. आबांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला.

"कितीचा आहे?"

"पस्तीस घोड्यांचा."

"लेणीतल्या रथाला चार घोडे, ह्याला पस्तीस. तरी दिवस गेला तुला यायला?"

मीटरवर साडेदहा तास वाढले होते. चाकणमध्ये उभं राहून जळालेलं डिझेल त्यातच आलं.

दाजींना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते पलीकडून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रंग आहे का घरात?" दाराच्या चौकटीचा पांढरा ऑइलपेंट शिल्लक होता. त्यांनी सांगितलं तसं, स्टिअरिंगच्या खाली, बसल्या-बसल्या नजरेला पडेल अशा जागी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: पट्टी लावली का?

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीचे शिपाई वसुलीला आले होते. ट्रॅक्टरजवळ उभं राहून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कोणती हो? घरपट्टी की पाणीपट्टी?" दोन्ही थकल्या होत्या. त्याच दिवशी भरल्या.